नवऱ्याविना झालेली केळवणे

फेब्रुवारी सरता सरता आमच्या शिवारावर गंधकाचा वास उतरतो. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून शेडला चहूबाजूंनी ताडपत्री लावून धुरी देतात, आणि ताडपत्री कितीही आवळून बांधली तरी धूर आपली फट शोधतोच. नवख्या माणसाच्या नाकात तो वास झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो. आम्हां तासगावकडच्या लोकांना मात्र त्याच्या पाठीमागचा दुसरा वासही येतो. जाळ्यांवर सुकत पडलेल्या द्राक्षांचा तो वास, गुळाच्या काहिलीजवळ येतो तसा, पण किंचित आंबूस. हे दोन्ही वास एकमेकांत मिसळले की हंगाम भरात आला असे मी समजतो. हंगाम भरात आला की आमच्या घरी पाहुणे उतरतात, पाहुण्यांना चहा होतो, आणि चहाचा कप हातात आला की माझ्या मेहुण्यांना, उंब्रजच्या संपतरावांना, सुरेखाची गोष्ट सांगायची हुक्की येते.

सुरेखा माझी मुलगी. आज ती मोठ्या सरकारी रुग्णालयात एका वॉर्डची प्रमुख सिस्टर आहे. ती तिथवर कशी पोहोचली याविषयी आमच्या नात्यात प्रत्येकाची स्वतंत्र हकिगत आहे. संपतरावांच्या हकिगतीत तिला नर्स त्यांनी केले. माझी पत्नी हौसा हिच्या हकिगतीत सगळे श्रेय तुपाचे आहे. आमच्या आळीत अजूनही असे बोलले जाते की, हवालदाराच्या, म्हणजे माझ्या, खिशातून पैसा सुटत नव्हता म्हणून पोरगी नर्सिंगच्या फुकटच्या सरकारी शाळेत गेली. खुद्द सुरेखाने तिच्या खात्यातल्या एका समारंभात व्यासपीठावरून सांगितले की, माझे वडील पाठीशी उभे राहिले म्हणून मी घडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण तीही हकिगत चुकीची आहे.

त्या सगळ्या दिवसांत मी हजर होतो. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. यंदा ऐकणाऱ्यांत संपतरावांची नात ऋतुजा होती, आणि तिलाच नर्सिंगला जायचे आहे. त्या मुलीने ऐकीव गोष्टींवर आपला मार्ग ठरवावा हे मला रुचले नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. घरातले भांडण मिटावे असा माझा हेतू नाही. भांडण खुशाल चालावे, पण ते खऱ्या मुद्द्यांवर चालावे.

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. हे वाक्य मी गावात उच्चारले की ऐकणाऱ्याचा चेहरा जरासा उतरतो. आमच्याकडे घरोघर फौजेत गेलेली माणसे आहेत, आणि निवृत्त होऊन आलेल्या माणसाकडून लोकांना बंदुकीची गोष्ट हवी असते. माझ्याकडे ती नाही. माझ्याकडे पाठीची गोष्ट आहे. कमरेखालची जाणीव गेलेल्या जवानाला ठरल्या वेळी कुशीवर वळवावे लागते, त्याची पाठ पुसून कोरडी करावी लागते, चादरीला एकही सुरकुती ठेवून चालत नाही. एक सुरकुती राहिली तर दोन दिवसांत कातडी लाल होते आणि आठवड्यात जखम पडते. मी ज्या वॉर्डात असे, तिथे पाठीला जखम पडलेला रुग्ण दाखवा आणि मग माझ्याशी बोला. संपतराव अनेकदा म्हणाले आहेत, ‘दाजी, आख्खी नोकरी फौजेत काढली आन उचलली काय, तर आजाऱ्यांची घाणीची भांडी.’ मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो की उचलली, आणि ज्यांची उचलली त्यांतली कितीतरी माणसे स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली.

तेव्हा मुलीने नर्स व्हावे असे मला वाटले तर त्यात कंजूषपणा शोधायचे कारण नव्हते. मी कंजूष आहे हे मला मान्य आहे. पण माणूस एका बाबतीत कंजूष असला म्हणजे त्याची प्रत्येक कृती त्यातूनच होते, असे समजणे हा आळशी विचार आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची ती वर्षे. सुरेखा बारावी झाली आणि तिच्यासमोर तीन वाटा आल्या. पहिली वाट महामार्गालगत नव्याने निघालेल्या एका खाजगी संस्थेची. तिथे गुणांची चिंता नव्हती, देणगीची होती, आणि त्यासाठी कालव्याकडचा बागेचा तुकडा विकावा लागला असता. दुसरी वाट दीड वर्षाच्या छोट्या अभ्यासक्रमाची. तो करून खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर नोकरी मिळे. हौसाचा ओढा तिकडे होता, कारण पोरगी जवळपास राहिली असती. मी त्या कामाला कधीही कमी लेखले नाही. आमच्या आळीतली निम्मी बाळे तशाच एका बाईच्या हातांवर जन्मली आहेत. तिसरी वाट जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या तीन वर्षांच्या शिक्षणाची. राहणे तिथेच, गणवेश तिथला, वर दरमहा थोडे विद्यावेतन. जागा मोजक्या, अर्ज उदंड.

खाजगी संस्था पाहायला संपतराव मला आपल्या जीपमधून घेऊन गेले. इमारत दुमजली, नवीकोरी. एका खोलीत काचेच्या कपाटात औषधांच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. दुसऱ्या खोलीत खाटेवर प्लास्टिकची एक बाहुली झोपवली होती, माणसाच्या उंचीची, गळ्यापर्यंत चादर ओढलेली. संपतराव भारावून गेले.

‘दाजी, फरशी बघितलीसा का? तोंड दिसतंय त्यात.’

‘तोंड बघायला घरात आरसा हाय,’ मी म्हणालो. ‘पेशंट कुठं हायत?’

तिथल्या व्यवस्थापकाने मोठ्या अदबीने सांगितले की रुग्णालयाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. इमारत झाली आहे, रुग्ण पुढे येतील. मी बाहुलीची चादर वर करून तिची पाठ पाहिली. पाठ उत्तम होती. ती बाहुली दहा वर्षे उताणी पडली असती तरी उत्तमच राहिली असती. तिच्याकडून एखाद्या मुलीने काय शिकायचे? जीपमध्ये परत बसताना संपतराव म्हणाले की, मी त्यांना माणसांत खाली बघायला लावले. मी कोणाचाही अपमान केला नाही. मी फक्त पाठ पाहिली.

ऋतुजाला मी हेच सांगितले. बाळ, इमारत पाहायला जाऊ नकोस. खाटा भरलेल्या आहेत का ते पाहा. शिकवणाऱ्या सिस्टर वॉर्डात असतात की कार्यालयात, ते पाहा. जिथे रुग्ण गर्दी करतात तिथे आजही शुल्क कमी आहे आणि शिक्षण जास्त. ती वहीत काही लिहून घेऊ लागली, तेवढ्यात तिचे आजोबा म्हणाले, ‘आगं, ह्येच मी तवा दाजींना सांगत होतो.’ मी कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या रक्तदाबाला ते बरे असते.

वस्तुतः निवड सुरेखाने केली, आणि ती माझ्या युक्तिवादामुळे नव्हे. मी तिला तिन्ही वाटा समजावून सांगितल्या. आवाज थोडा चढला असेल. ती गोठ्याच्या कट्ट्यावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एवढेच म्हटले, ‘आण्णा, चुकलं तर चुकलं म्हणून सांगणारं माणूस जिथं असंल, तिथं मला घाला.’ एवढ्या वर्षांत शिक्षणसंस्थेची याहून चांगली कसोटी मी ऐकलेली नाही.

आम्ही सरकारी शाळेचा अर्ज केला. त्या वर्षीची निवड रखडत गेली. पावसाळ्यात व्हायची ती मुलाखत दिवाळीनंतर, दिवाळीनंतरची संक्रांतीनंतर, असे करता करता बोलावणे आले ते ऐन बेदाण्याच्या हंगामात. सगळी भानगड इथे सुरू झाली.

बेदाणा करताना द्राक्षाचे घड आधी एका द्रावणात बुडवतात. पोटॅश आणि एक तेल पाण्यात घोटून ते बनवलेले असते. त्याने द्राक्षाची साल मऊ पडते आणि घड लवकर वाळतात. मग ते शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. बुडवायचे काम बायकांचे. रबरी हातमोजे तेव्हाही मिळत, पण आमच्याकडची एकही बाई ते घालत नसे. मोजा घातला की मणी दबतोय की निसटतोय ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि मोजे घालणारी बाई म्हणजे पाटलीण, अशी थट्टाही होई. हंगामाच्या शेवटाला प्रत्येकीच्या तळहाताचे पापुद्रे निघत, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडत. उन्हाळाभर हात आपोआप भरून येत. त्याला कोणी आजार म्हणत नसे. हंगामाच्या खुणा त्या.

सुरेखा शेडमध्ये जाई. आळीतल्या लोकांच्या मते मी मजुरी वाचवण्यासाठी तिला पाठवले. साफ खोटे. त्या दिवसांत आमच्या आळीत घरात बसणारी एकही मुलगी नव्हती. शेड हीच त्यांची बैठक होती. एकीच्या नवऱ्याच्या गमती, दुसरीच्या सासूच्या नकला, टोपल्या द्रावणात बुडत आणि निथळत असताना चाललेले हसणे रस्त्यापर्यंत ऐकू येई. तिथून मुलीला बाहेर काढणे ही शिक्षा ठरली असती.

मुलाखतीला आम्ही सांगलीला गेलो. गुण बरे होते, उत्तरे बरी दिली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी तिचे हात उलटे केले आणि थांबले. तळव्यांची साल निघालेली, बेचक्या लाल, दोन ठिकाणी चिरा. ते म्हणाले, असे हात वॉर्डात चालणार नाहीत. जखमेतून रोग हिलाही लागेल आणि हिच्याकडून रुग्णालाही. त्यांनी शेरा लिहिला आणि महिन्याने फेरतपासणीला बोलावले. तोवर जागा राखून ठेवली जाणार होती, एवढीच मेहरबानी.

मी डॉक्टरांशी भांडलो असे संपतराव सांगतात. संपतराव त्या दिवशी तिथे नव्हतेच. मी माझा अनुभव सविस्तर मांडला, आणि डॉक्टरांनी तो उभ्यानेच ऐकला, कारण त्यांच्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. शेवटी मला मान्य करावे लागले की ते बरोबर बोलत होते. मीही माझ्या वॉर्डात असे हात चालवून घेतले नसते.

घरी येऊन आम्ही ठरवले की महिनाभर या मुलीच्या हाताला पाणी लागता कामा नये. बोलायला सोपे आहे. शेतकऱ्याच्या घरात, हंगामात, वयात आलेल्या मुलीचे हात कोरडे ठेवणे म्हणजे काय, ते ज्याने ठेवले त्यालाच ठाऊक. हौसाने तुपात हळद कालवून लेप केला. सकाळ-संध्याकाळ तो लागे. सुरेखा पुढच्या सोप्यातल्या खाटेवर बसे, तळहात आभाळाकडे करून मांडीवर ठेवलेले, पिवळेधमक. माशी बसली तर मान झटकून उडवायची. पुस्तकाचे पान उलटायचे तर कोणाला तरी हाक मारायची. भांडी मी घासू लागलो. धुणे मी धुऊ लागलो. फौजेत केलेल्या कामाची मला लाज नव्हती, पण परसातल्या दगडावर बसून राखेने तवा घासणारा निवृत्त हवालदार पाहून कुंपणापलीकडच्या बायका काही क्षण बोलायच्या थांबत, आणि मग दुप्पट बोलत.

वेळ जावा म्हणून मी तिला खाट लावायची पद्धत दाखवत असे. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, किती ताण द्यायचा. हात लावायची तिला मनाई, त्यामुळे ती नुसती बघे आणि बोले. ‘आण्णा, तुमचा डावा कोपरा तिरका आलाय.’ मी म्हणे, तिरका नाही, गादीच तिरकी आहे. ‘गादी कालबी हीच हुती, तवा सरळ आला हुता की.’ वॉर्डातल्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी ज्या कोपऱ्यांत खोट काढली नाही, त्यांत तिने काढली. मी कोपरा सोडून पुन्हा बांधला. कोपरा सरळच होता, हे माझे आजही मत आहे.

आमच्या भागात मुलीचे लग्न ठरले, तिथी निघाली, की घरचे तिला पाण्यात हात घालू देत नाहीत. भांडी नाहीत, धुणे नाही, शेण नाही. हात मऊ राहावेत, हळदीला उजळ दिसावेत. आता पाहा. पोरगी शेडमध्ये यायची अचानक बंद झाली. खाटेवर बसून असते. हात हळदीने माखलेले. बाप भांडी घासतो आहे. आळीने याचा जो अर्थ लावला तो दुसरा कसा असणार?

शेजारच्या शांताकाकू पहिल्या आल्या. ‘हवालदार, कवाचं हाय? आमच्या कानावर घालायचं न्हाई व्हय?’

‘ठरल्यावर घालू की,’ मी म्हणालो. हे अक्षरशः खरे होते. त्यांना तो विनय वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून सुरेखाला केळवणाचे आमंत्रण आले. म्हणजे, लग्नाआधी मुलीला जेवायला बोलावून ओटी भरतात, तसे बोलावणे.

मी तिथल्या तिथे खुलासा करायला निघालो होतो. लोक म्हणतात मी मुद्दाम गप्प बसलो, गावाला फसवले. मला चप्पल घालताना हौसाने अडवले. ती सहसा माझ्याशी वाद घालत नाही. तिची पद्धत वेगळी आहे, ती एकदाच बोलते. म्हणाली, ‘लगीन न्हाई म्हणून सांगशीला. मग हाताला काय झालंय म्हणून इचारतील. डाक्टरनं नापास केलंय म्हणशीला. लगीन म्हटलं तर चार दिवस बोलत्यात. रोग म्हटलं तर जन्मभर.’

मी चप्पल काढून ठेवली. पोटॅशचे हात गावात घरोघर होते आणि त्यांना कोणी रोग म्हणत नव्हते, हे खरे. पण सांगलीच्या डॉक्टरने शेरा मारलेले हात ही निराळी गोष्ट झाली असती. ते आळीने कधीही पुसू दिले नसते.

मग केळवणांची रांग लागली. आज या घरी पुरणपोळी, उद्या त्या घरी श्रीखंड. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. सुरेखा पहिल्या दिवशी परत आली ती पदराने तोंड झाकून हसत. ‘आण्णा, नवरा कुठला म्हणून इचारलं आन मला ठसका लागला. पाणी आणायला धावल्या सगळ्या. म्हणून सुटले बघा.’ पुढे पुढे ती सरावली. नवरा कुठला म्हटले की खाली बघायची. खाली बघणाऱ्या मुलीला आमच्याकडे कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. ते सगळे खण आणि नारळ हौसाने पुढे त्या त्या घरच्या कार्यांत परत केले, एकही चुकवला नाही. तेवढी नोंद असावी.

आजही या दिवसांत दुपारी मी सोप्यात पडलो की ते घर मला तसेच दिसते. उन्हाचा पट्टा उंबऱ्यापर्यंत आलेला, लांबून शेडमधले हसणे, तुपाचा नि हळदीचा वास, आणि खाटेवर दोन पिवळे तळवे. कातडी भरून यायची वाट पाहण्यापलीकडे आमच्या हातांत काही उरले नव्हते, आणि तिला तर हात असून काही करायचे नव्हते. विचित्र वाटेल, पण आमच्या घरातले ते सगळ्यांत स्वस्थ दिवस होते. तिच्याशी इतका वेळ मी आधी कधी बोललो नव्हतो. फौजेत असताना रजेवर यायचो, तेव्हा ती दाराआडून बघायची.

ही बातमी उंब्रजला पोहोचायची तेवढी राहिली होती. ती पोहोचली. भाचीचे लग्न ठरले आणि मामाला विचारले नाही, याहून मोठा अपमान आमच्याकडे नसतो. संपतरावांची जीप अंगणात शिरली ती थेट तुळशीपर्यंत. पायातले न काढताच ते सोप्यात आले आणि बहिणीसमोर उभे राहिले. ‘हौसे, मामा मेला व्हय गं? गावानं केळवणं करायची आन मामानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं?’

हौसाने त्यांना बसवले, पाणी दिले, आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ सुरेखाच्या हातांकडे पाहत राहिले. राग उतरला, आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. संपतरावांच्या डोक्यात कल्पना येते तेव्हा त्यांच्या मिशा हलतात.

‘हे बघा दाजी. केळवणं झाली. हळद लागली. नवराच तेवढा राहिलाय. त्यो मी आणतो.’

त्यांच्याकडे स्थळ होते. उंब्रजचेच घर, स्वतःचा ऊस, मुलगा कराडकडच्या साखर कारखान्यात कारकून. वाईट स्थळ होते असे मी म्हणणार नाही. चारच दिवसांत त्यांनी त्या लोकांशी बोलणी केली आणि त्यांचा होकारही आणला. आता उत्तर आम्ही द्यायचे होते. हात नापास झाले तर शाळा गेली. लग्नाचे वय झालेली, गावभर केळवणे जेवलेली, अशा मुलीसाठी मग ते घर सोडण्यात शहाणपण नव्हते, हे मलाही दिसत होते. मी सुरेखाला विचारायला गेलो. ती म्हणाली, ‘आण्णा, हात बरं झालं तर शाळा. न्हाई झालं तर मामा म्हणतोय ते. पर हात बरं हुईस्तवर मला काय इचारू नका.’ तिचा आवाज स्थिर होता. नेहमी मांडीवर सैल पडलेले तळवे मात्र तिने मिटून घेतले होते.

फेरतपासणीला संपतरावच जीप घेऊन आले. आम्ही तिघे सांगलीला गेलो. तपासणीच्या खोलीला मधोमध झुलणारे अर्धे दार होते; खालून पाय दिसत, आणि बोलणे सगळे ऐकू येई. मी आणि संपतराव बाहेर बाकावर. डॉक्टर म्हणाले, ‘हात बरे आहेत.’ मी श्वास सोडला. तेवढ्यात पांढऱ्या साडीचा काठ पुढे आला. शाळेच्या मेट्रनबाई होत्या त्या.

‘इतके मऊ हात? आणि नखांत हळद?’ त्या म्हणाल्या. ‘लग्न ठरलंय ना तुझं? खरं सांग. दर वर्षी एखादी जागा अडवते आणि सहा महिन्यांत नवऱ्याच्या घरी जाते. तिच्या मागची पोर घरी बसून राहते. लग्न ठरलेली मुलगी मी घेत नाही.’

ज्या हातांनी तिला पहिल्यांदा परत पाठवले, तेच हात बरे होऊन दुसऱ्यांदा परत पाठवायला निघाले होते. मला दाराखालून सुरेखाच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

‘गावानं ठरवलंय, बाई,’ ती म्हणाली. ‘मी न्हाई.’

‘आणि घरच्यांनी?’

‘ते भाईर बसल्यात.’

दार उघडले. मुलीचे वडील कोण, असे बाईंनी विचारले. मी उभा राहिलो. मी सॅल्यूट ठोकला असे संपतराव सांगतात. मी नेहमी असाच उभा राहतो. ‘लग्न ठरवलंत का हिचं?’

उत्तर एका शब्दाचे होते आणि ते माझ्या ओठांवर होते. पण ज्या माणसाने त्या घरचा होकार आणला होता तो माझ्या शेजारी बसला होता. मी तिथे नाही म्हणणार म्हणजे त्याने आपल्या गावात, आपल्या माणसांत टाकलेला शब्द त्याच्यादेखत मोडणार. एका क्षणाचा उशीर झाला. फक्त एका क्षणाचा. मी कचरलो असे जे सांगितले जाते ते चूक आहे.

त्या क्षणात संपतराव उठले.

‘स्थळ म्या आणलं हुतं, बाई,’ ते म्हणाले. ‘म्याच माघारी न्हेतो. तीन वरसं पोरीच्या लग्नाचं नाव कोण काढणार न्हाई. मामा हाय मी तिचा.’

मेट्रनबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘व्हय, बाई.’ त्या प्रसंगातले माझे सगळे बोलणे एवढेच. त्या आत गेल्या, सुरेखाचे दोन्ही तळवे पुन्हा एकदा उलटसुलट केले आणि म्हणाल्या, ‘चांगले जपलेत. आता तीन वर्षं पाण्यातच राहतील, तयारी ठेव.’

तेव्हा व्यासपीठावर माझे नाव घेणाऱ्या मुलीला माझे सांगणे आहे की, पाठीशी उभे राहणे वगैरे काही झाले नाही. मी बाकापाशी उभा होतो. हौसाच्या तुपाने कातडी भरून आली, हे खरे; पण तुपाने दाराआडचे ते उत्तर दिले नाही. आणि संपतराव सांगतात की त्यांची तिथे ओळख होती, त्यांनी चिठ्ठी पाठवली होती, सरकारी शाळा त्यांनीच सुचवली होती. यातले काहीही झालेले नाही. त्यांचे फक्त ते वाक्य खरे आहे. गंमत अशी की आपल्या हकिगतीत ते नेमके तेवढेच वाक्य सांगत नाहीत.

परतताना त्यांनी आम्हांला दारात सोडले. हौसाने चहा टाकला होता. आमच्या घरून चहा न घेता ते कधी गेलेले मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी जीप बंदच केली नाही. म्हणाले, ‘वाट बघत बसल्यात ती माणसं. उजेडात जाऊन सांगितल्यालं बरं.’ आणि कराडच्या रस्त्याला लागले.

उंब्रजला जाऊन त्यांनी त्या लोकांना काय सांगितले, आणि त्यांच्याकडून काय काय ऐकून घेतले, हे ते आजवर कोणाजवळ बोललेले नाहीत. मी त्यांच्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घातला आहे. हे मात्र मी त्यांना कधी विचारलेले नाही.